जेलीफिन लावताय? सर्व्हरला कामच लावू नका

आधी एक सांगून टाकतो, मग पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. जेलीफिन म्हणजे आपल्या मशीनवरचे पिक्चर आणि व्हिडिओ घरातल्या टीव्ही-मोबाईलवर दाखवणारा प्रोग्रॅम, त्याच्यासाठी भारी मशीन विकत घेऊ नका. आमच्या गोव्यातल्या माशेलच्या घरात माडीवर जो सर्व्हर चालतो तो सातव्या जनरेशनच्या आय-५ चा जुना लॅपटॉप आहे, स्क्रीनवर उभी हिरवी रेघ पडली म्हणून बाजूला टाकलेला, आणि त्याच्यावर घरातले दोन टीव्ही, फोंड्याच्या आतेचा एक टीव्ही, पाच-सहा मोबाईल आणि जहाजावर नोकरीला असलेला चुलतभाऊ एवढी सगळी वरात चालते. चालते कारण त्या लॅपटॉपला बहुतेक वेळा काही करावंच लागत नाही. फाईल उचलायची, जशी आहे तशी पुढे ढकलायची, बस्स. खाली जे काय लिहिलंय ते सगळं या एकाच गोष्टीसाठी आहे.

हे मला फजिती झाल्यावर कळलं. पहिल्या वर्षी चवथीला सगळं कुटुंब जमलेलं, घुमट (मातीचं वाद्य) वाजवून आरती झाली, जेवणं झाली आणि मी मोठ्या तोऱ्यात टीव्हीवर आमच्या जत्रेतलं नाटक लावलं ज्यात काका इन्स्पेक्टर झालेले. दोन मिनिटं चाललं आणि चक्र फिरायला लागलं. परत चाललं, परत चक्र. शेजारचा पोरगा दर वेळी "परत घुंवता मरे!" म्हणून ओरडायचा, आणि काकांची एंट्री येईपर्यंत अर्धी मंडळी पत्त्यांना बसली. मी राऊटर तीनदा बंद-चालू केला. नेटचा काही संबंधच नव्हता हो, सर्व्हर माडीवर आणि टीव्ही खाली, फाईल घराबाहेर जातच नव्हती. दोष फाईलचा होता. फोटोग्राफरने पेन ड्राइव्हवर कॅमेऱ्यातलं कच्चं फुटेज दिलेलं, फोर-के, कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, एच.२६४ च होतं पण ४:२:२ आणि १०-बिट, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेलं. टीव्हीवाले एच.२६४ चालतं म्हणतात ते ४:२:० आणि ८-बिटचं. बाकी काही आलं की टीव्ही हात वर करतो, मग सर्व्हरला ती फाईल चालता चालता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून द्यावी लागते आणि दोन कोअरच्या लॅपटॉपला फोर-के बदलणं म्हणजे सायकलवरून सिमेंटची गोणी. त्या जातीचं एच.२६४ माझ्या चिपमधला व्हिडिओवाला भागसुद्धा उघडत नाही, त्यामुळे हार्डवेअर ॲक्सेलरेशन चालू करूनही फरक पडला नसता.

तर पहिलं काम म्हणजे आपली फाईल नेमकी कशी चाललीय ते बघायला शिकणं. कोणीतरी काही बघत असताना दुसऱ्या मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. तिथे कोण काय बघतंय त्याचा एक छोटा चौकोन दिसतो आणि त्यात माहितीचं बटण असतं, ते दाबलं की कळतं. डायरेक्ट प्ले म्हणजे फाईल जशीच्या तशी जातेय, सर्व्हर झोपलेला, उत्तम. रीमक्स म्हणजे आतलं चित्र आणि आवाज तेच, फक्त डबा, म्हणजे फाईलचं बाहेरचं वेष्टण, बदलून दिला, उदाहरणार्थ एमकेव्ही चालत नाही म्हणून दुसऱ्या डब्यातून, यालाही ताकद लागत नाही. आवाज तेवढा बदलला जात असेल, म्हणजे डायरेक्ट स्ट्रीम, तरी हरकत नाही. चित्र बदललं जात असेल म्हणजे व्हिडिओ ट्रान्सकोड, तर मात्र थांबा आणि कारण वाचा, तिथेच लिहिलेलं असतं. व्हिडिओ कोडेक चालत नाही, सबटायटल कोडेक चालत नाही, बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) जास्त आहे, असं काहीतरी. निम्मे लोक हे कारण न वाचताच नवीन रॅम घेऊन येतात.

सबटायटलचं कारण सगळ्यात चोरटं. साधी मजकुराची एसआरटी फाईल असेल तर ॲप स्वतः चित्रावर अक्षरं काढतं, पण ब्लू-रे वरून आलेली पीजीएस सबटायटल्स ही अक्षरं नसतात, चित्रं असतात, आणि कित्येक ॲप्सना ती येत नाहीत, मग सर्व्हर ती व्हिडिओवर चिकटवून पूर्ण व्हिडिओ नव्याने बनवतो. म्हणजे फाईल एकदम सरळ आहे, काल चालली, आज आतेने सबटायटल चालू केले आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा. उपाय सोपा आहे, त्या पिक्चरची एसआरटी मिळवून त्याच फोल्डरमध्ये पिक्चरच्याच नावाने ठेवा. तसं बघितलं तर एएसएस, म्हणजे सजवलेल्या अक्षरांच्या सबटायटल्सचंही काही ॲप्सवर असंच होतं.

आवाजाचं थोडक्यात. डीटीएस या फॉरमॅटमधला आवाज बऱ्याच टीव्हींना येत नाही, सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून तो काढून टाकला. फक्त आवाज बदलायचा असेल तर सर्व्हरला जड नाही, तेवढं सोडून द्या.

आता फाईली नीट करणं. आमच्याकडे खरा खजिना पिक्चर नाहीतच, जुनी रेकॉर्डिंगं आहेत. गावची नाटकं, कालो (जत्रेतलं पारंपरिक लोकनाट्य), लग्नं, मुंजी, सप्ताहाची भजनं. यातली काही डीव्हीडीवर, काही मिनी-डीव्ही टेपवर, आणि लग्नाची तर विंडोज मीडियाच्या फाईलीतसुद्धा. टेपवरून काढलेली डीव्ही फाईल तासाला साधारण १३ जीबी होते, तीन अंकी नाटक ३ तासांचं धरलं तर ४० जीबीच्या घरात. डीव्हीडीतलं एमपेग-२ लहान असतं पण ब्राउझर ते उघडत नाही. या सगळ्या जुन्या मालाला एकदाच बसून हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममधून काढा, एच.२६४, आवाज एएसी, डबा एमपी-४, क्वालिटी आरएफ २० च्या आसपास (आकडा लहान तेवढं चित्र चांगलं). जुन्या एसडी चित्राला सेकंदाला २ मेगाबिट धरले तरी तासाला ९०० एमबीच होतात. मूळ फाईल मात्र फेकू नका, वेगळ्या डिस्कवर ठेवा, उद्या कोणाला याहून चांगलं काढायचं असेल तर.

यात एक गोष्ट सगळे चुकतात. हे जुनं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी अर्धी चित्रं, एकाआड एक ओळींची. तसंच सोडलं तर कोणी हात हलवला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करा, आणि जिथे हालचाल भरपूर आहे तिथे बॉब हा पर्याय घ्या, त्याने अर्ध्या चित्रांची पूर्ण ५० होतात. आमच्या आरतीच्या रेकॉर्डिंगला मी आधी साधं डीइंटरलेस केलं होतं आणि घुमटावरची बोटं नुसती धूसर, बॉब केल्यावर एकेक थाप वेगळी दिसायला लागली. दुसरं, जुनं चित्र ४:३ असतं ते टीव्ही भरावा म्हणून ताणू नका, सगळी पात्रं जाडी होतात आणि आत्या रागावते.

नाटक दोन-तीन डिस्कवर तुटलेलं असेल तर जेलीफिनमध्ये तुकडे जोडून दाखवायची सोय आहे, एकाच फोल्डरमध्ये सारखं नाव आणि शेवटी डॅश देऊन पार्ट १, पार्ट २ असं इंग्रजीत. पण मी सांगेन हे वापरू नका. सगळे तुकडे एकाच सेटिंगने काढा आणि एमकेव्ही टूलनिक्स या प्रोग्रॅममध्ये एकामागे एक लावून एकच फाईल करा, दोन मिनिटांचं काम. का ते शेवटी येईल.

नावं आणि लायब्ररी

पिक्चरसाठी नियम सोपा. प्रत्येक पिक्चरला स्वतःचं फोल्डर, फोल्डरचं आणि फाईलचं नाव तेच, पुढे कंसात वर्ष. मालिकेसाठी मालिकेचं फोल्डर, त्यात सीझनचं फोल्डर, फाईलच्या नावात एस आणि ई ची जोडी आकड्यांसकट. वर्ष आणि आकडे इंग्रजीत लिहा, तिथे मराठी अस्मिता नको, प्रोग्रॅमला ते वाचायचंय. नाव मात्र देवनागरीत ठेवलं तर खुशाल ठेवा, चालतं.

पण देवनागरीत एक खड्डा आहे ज्यात मी पडलो. लिनक्सच्या ईएक्सटी-४ डिस्कवर फाईलचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं असतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना, मात्रा, हलंत सगळे वेगवेगळे मोजून. म्हणजे हातात येतात फक्त ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसवर मोजायची पद्धत वेगळी आहे, तिथे लांब नाव बसतं. आता आमच्या नाट्यमंडळाच्या माणसाने फाईलींना नावं दिलेली म्हणजे निमंत्रण पत्रिकाच, श्री अमुक देवस्थान वार्षिक जत्रोत्सवानिमित्त तमुक मंडळ सादर करीत आहे वगैरे. विंडोजवर ठीक, लॅपटॉपवर कॉपी करताना अर्ध्या फाईली आल्याच नाहीत, नाव फार लांब म्हणून एरर आणि मला वाटलं डिस्क गेली. नावं छोटी करा, पत्रिका वर्णनाच्या रकान्यात टाका.

गावच्या नाटकांसाठी लायब्ररी बनवताना आपोआप माहिती आणणारे सगळे पर्याय बंद करा. नाहीतर काय होतं, नाटकाचं नाव आणि कुठल्यातरी हिंदी पिक्चरचं नाव सारखं निघतं आणि आमच्या वाड्यावरच्या हौशी कलाकारांच्या नाटकाला मुंबईच्या हिरोचं पोस्टर लागतं. आमच्याकडे लागलं होतं, दोन महिने कोणी काढू दिलं नाही. माहिती बंद केली की फोल्डरमध्ये पोस्टर नावाने एक फोटो ठेवा, तोच दिसतो. लग्न-मुंजीसाठी होम व्हिडिओ आणि फोटो हा लायब्ररीचा प्रकार बरा, पण नाटकांसाठी मी मूव्हीज हाच घेतला कारण मग कलाकारांची नावं हाताने भरता येतात आणि काकांच्या नावावर दाबलं की त्यांची सगळी नाटकं एकत्र येतात. काका खूश.

नेहमीच्या पिक्चरांची माहिती आणि पोस्टर अजिबात येत नसतील, सगळे चौकोन काळे, तर फाईलींच्या नावांशी भांडण्याआधी डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बघा. पोस्टर टीएमडीबी या पिक्चरांच्या माहितीच्या साईटवरून येतात आणि आपल्याकडच्या काही नेट कंपन्यांच्या डीएनएसवर तो पत्ता नीट सापडत नाही. सर्व्हरच्या मशीनवर किंवा राऊटरवर डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करा, आणि मग लायब्ररीवर मेटाडेटा (पिक्चरची माहिती) रिफ्रेश करा, नुसतं स्कॅन केलं तर जे आधी फसलंय ते परत आणायला जातंच असं नाही.

डिस्क दिसते पण फोल्डर रिकामं

हा प्रश्न मला आतापर्यंत सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकला, जेलीफिन टाकलं, बाहेरची हार्ड डिस्क लावली, फाईल मॅनेजरमध्ये सगळं दिसतंय, पण जेलीफिनमध्ये लायब्ररी जोडायला गेलं की ते फोल्डर रिकामं. कारण जेलीफिन तुमच्या नावाने चालत नाही, त्याचा स्वतःचा जेलीफिन नावाचा युजर असतो. आणि डेस्कटॉपवर डिस्क टोचली की ती मीडिया फोल्डरात तुमच्या नावाच्या खोलीत उघडते, त्या खोलीत फक्त तुम्हालाच प्रवेश. जेलीफिन दारात उभा. लोक मग वैतागून सगळ्या फाईलींना सातशे सत्त्याहत्तर, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं, अशी परवानगी देतात, तरी चालत नाही, कारण कुलूप बाहेरच्या दाराला आहे.

बरोबर उपाय म्हणजे डिस्कची जागा कायमची ठरवणं. ब्लॉक-आयडी कमांडने डिस्कचा यूयूआयडी (ओळख नंबर) काढा, एफएस-टॅब या डिस्क कुठे जोडायच्या ते लिहिलेल्या फाईलमध्ये एक ओळ लिहा, जागा एसआरव्ही किंवा एमएनटी फोल्डरच्या खाली द्या, आणि त्या ओळीत नोफेल हा शब्द नक्की टाका, नाहीतर एखाद्या दिवशी डिस्क जोडलेली नसली तर लॅपटॉप चालूच होत नाही आणि स्क्रीनवर काळ्या पानावर प्रश्न विचारत बसतो. डिस्क विंडोजवाली एनटीएफएस असेल तर परवानगी त्या ओळीतच युजर आणि ग्रुपच्या नंबराने द्यावी लागते, नंतर बदलून बदलत नाही. शिवाय ती डिस्क विंडोजमधून नीट बाहेर न काढता ओढली असेल, किंवा विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर लिनक्समध्ये ती फक्त वाचण्यापुरती उघडते किंवा उघडतच नाही. जमलं तर डिस्क ईएक्सटी-४ करून टाका, एकदाच डोकेदुखी.

डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या बंद कंटेनरमध्ये चालवायच्या सोयीत, चालवत असाल तर याच दुखण्याचं दुसरं रूप. जेलीफिनला तुमच्या मशीनवरचा पत्ता माहीत नसतो, कंटेनरच्या आतला पत्ता द्यायचा. आणि कॉन्फिगचं फोल्डर नेटवर्कवरच्या डिस्कवर कधी ठेवू नका, आत एसक्यूलाइटचा डेटाबेस आहे, त्याला नेटवर्कवरचं लॉकिंग झेपत नाही आणि डेटाबेस मरतो. नुसते पिक्चर नेटवर्कवर असले तर चालेल, फक्त नवीन फाईल टाकली की आपोआप दिसणं तिथे बहुधा काम करत नाही, स्कॅनचं वेळापत्रक लावा.

तरी ट्रान्सकोड करायची वेळ आलीच तर

येतेच कधीतरी. डॅशबोर्डमध्ये प्लेबॅकखाली ट्रान्सकोडिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सेलरेशन निवडा, म्हणजे काम चिपमधल्या व्हिडिओवाल्या भागाकडे जातं, इंटेलवर त्याचं नाव क्यूएसव्ही. जेलीफिनच्या युजरला रेंडर ग्रुपमध्ये (ज्याला तो भाग वापरायची परवानगी असते) घाला आणि सर्व्हिस परत सुरू करा, ही पायरी विसरली की क्यूएसव्ही निवडूनही प्ले दाबलं की सरळ एरर. मग खाली कोडेकच्या चौकटींवर खुणा करायच्या असतात, तिथे लोक उत्साहात सगळ्यांवर टिक करतात. तसं करू नका, जे चिपला येत नाही त्यावर खूण केली की ती फाईल चालतच नाही. चौथ्या जनरेशनच्या इंटेलला एच.२६५ (एच.२६४ च्या पुढचा कोडेक) येत नाही, सहाव्याला ८-बिट येतं, १०-बिट सातव्यापासून नीट. एव्ही-१ हा आणखी नवा कोडेक उघडायला अकरावं किंवा त्यापुढचं हवं. रास्पबेरी पाय घ्यायचा विचार असेल तर पाय ५ मध्ये व्हिडिओ बनवणारा हार्डवेअर भागच नाही, डायरेक्ट प्लेला छान आहे पण ट्रान्सकोडला नको.

एचडीआर, म्हणजे जास्त उजेड आणि रंगांचा, पिक्चर साध्या टीव्हीवर फिकट, राख फासल्यासारखा दिसत असेल तर तिथेच खाली टोन मॅपिंग आहे.

जागेचं लक्ष ठेवा. ट्रान्सकोड चालू असताना तुकडे कॅश, म्हणजे तात्पुरत्या फोल्डरमध्ये साठत जातात, आणि कॅश सिस्टीमच्याच छोट्या एसएसडीवर असेल तर एका मोठ्या पिक्चरमध्ये ती भरते, मग डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही आणि जेलीफिन आडवा. बघून झालेले तुकडे पुसायचा आणि बनवण्याचा वेग आवरायचा असे दोन पर्याय त्याच पानावर आहेत, दोन्ही चालू करा. ट्रिकप्ले, म्हणजे पुढे सरकवताना छोटी चित्रं दिसतात ते, जेलीफिनच्या १०.९ व्हर्जनपासून आलंय, दिसायला छान पण जुन्या लॅपटॉपला सगळ्या लायब्ररीची चित्रं काढायला दिवसच्या दिवस लागतात. मी बंद ठेवलंय.

आणि ज्या घरच्या माणसाचा टीव्ही नेहमी उगाच ट्रान्सकोड मागतो त्याच्या युजरच्या पानावर जाऊन व्हिडिओ ट्रान्सकोडची परवानगीच काढून घ्या. मग त्याला न चालणारी फाईल लावली की सरळ चालत नाही म्हणून कळतं, इतरांचं बघणं बिघडत नाही, आणि तुम्हाला कळतं कुठली फाईल नीट करायची राहिलीय. जरा दुष्टपणा आहे पण उपयोगी.

चिरा, पाऊस आणि लाईट

आपल्या जुन्या घरांना चिऱ्याच्या भिंती, दीड-दोन फूट जाड, आणि पावसात त्या ओल धरतात. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एक भिंत कसंबसं पार करतं, दोन नाही. २.४ वाला जातो पण शेजारच्यांच्या राऊटरांच्या गर्दीत. मी रिपीटर लावून बघितला, पैसे गेले. शेवटी माळ्यावरून लॅनची केबल ओढली, सर्व्हर तरी केबलवर असलाच पाहिजे आणि जमलं तर हॉलचा टीव्हीसुद्धा. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा १०० मेगाबिटचाच असतो, घरगुती फाईलींना ते भरपूर आहे, फक्त फोर-के ब्लू-रेच्या मूळ फाईली मध्येच शंभराच्या वर उड्या मारतात तेव्हा अडकेल. ॲपला सर्व्हर आपोआप सापडला नाही तर हाताने पत्ता टाका, शेवटी पोर्ट ८०९६, आणि राऊटरमध्ये त्या लॅपटॉपला एकच पत्ता राखून ठेवा नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि आत्याचा फोन येतो. राऊटरच्या गेस्ट वायफायवर मोबाईल असेल तर सर्व्हर दिसणार नाही, तो बिघाड नव्हे.

लाईटचं काय सांगायचं, जून ते सप्टेंबर कधी जाईल नेम नाही. लॅपटॉपचा मोठा फायदा इथेच, बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. बाहेरची डिस्क यूएसबीवरच चालणारी छोटी अडीच इंची घेतली तर तीही बॅटरीवर तगते, मोठी वेगळ्या ॲडॉप्टरवाली घेतली तर लाईट गेल्याबरोबर डिस्क पडते. बॅटरी चोवीस तास शंभर टक्क्यांवर ठेवली की फुगू शकते, बायॉसमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लावा. झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपू नये म्हणून लॉगिन-डीच्या कॉन्फिग फाईलमध्ये लिड स्विचला इग्नोर करा. सर्व्हिसच्या फाईलमध्ये जेलीफिनला डिस्क येईपर्यंत थांबायला सांगा, म्हणजे लाईट आल्यावर डिस्कआधी जेलीफिन उठून रिकामं घर बघत बसणार नाही. विजा कडकडायला लागल्या की आम्ही राऊटरची बाहेरून येणारी वायर आणि लॅन केबल दोन्ही काढतो, वीज फक्त प्लगमधूनच येते असं नाही. आणि डिस्क बंद लोखंडी कपाटात ठेवू नका, पावसात आत बुरशी धरते, जुन्या टेपा तशाच गेल्या आमच्या.

घराबाहेरून बघायचं तर

राऊटरवर ८०९६ पोर्ट उघडून मोकळे होऊ नका. एकतर ते विना-कुलूप एचटीटीपी आहे, आणि दुसरं म्हणजे बहुतेकांना ते जमणारच नाही कारण नेट कंपनी सीजीनॅटच्या मागे बसवते, एक बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला. ओळखायचं कसं, राऊटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या नेटचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल किंवा नेटवर माझा आयपी शोधल्यावर वेगळाच येत असेल तर तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात. सोपा रस्ता टेलस्केल, म्हणजे वेगवेगळ्या घरांतली उपकरणं एकाच खाजगी नेटवर्कमध्ये आणणारा प्रोग्रॅम, सर्व्हरवर टाका, आतेच्या अँड्रॉइड टीव्हीवर टाका, दोन्ही एका खात्यात, झालं. अडकलं तर टेलस्केल स्टेटस बघा, तिथे डायरेक्ट लिहिलंय की रिले (मधल्या सर्व्हरवरून) ते कळतं. रिले असेल तर वेग पडतो, राऊटरवर आयपीव्ही-६ चालू केल्यावर माझं डायरेक्ट झालं.

यात एक गंमत आहे. नेटवर्किंगच्या पानावर लॅन नेटवर्क्स नावाचा रकाना आहे, तो रिकामा असतो तोवर जेलीफिन घरचे नेहमीचे पत्ते घरचेच धरतं. काही लोक सांगतात त्यात टेलस्केलचा पत्ता टाका म्हणून. टाकला तर घरचाही टाकावा लागतो, नाहीतर हॉलमधला टीव्ही परका ठरतो आणि त्याला बाहेरच्यांची बिटरेट मर्यादा लागते. मी मुद्दामच रिकामा ठेवलाय, म्हणजे टेलस्केलवरून येणारे बाहेरचे ठरतात आणि त्यांना इंटरनेट बिटरेटची मर्यादा लागते. मर्यादा किती ठेवायची तर आपली अपलोड स्पीड भागिले एकावेळी बघणारे. पण मर्यादेपेक्षा मोठी फाईल आली की परत ट्रान्सकोड, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच.

म्हणून आता ते शेवटचं. जेलीफिनमध्ये एकाच नाटकाच्या दोन प्रती ठेवता येतात, नाव तेच आणि पुढे स्पेस, डॅश, स्पेस देऊन ४८० पी वगैरे. ॲपमध्ये एकच पोस्टर दिसतं आणि आत प्रत निवडता येते. पण पार्ट १, पार्ट २ वाले तुकडे आणि या प्रती एकत्र चालत नाहीत, म्हणून वर म्हटलं की आधी जोडून एकच फाईल करा. फोटोग्राफरच्या त्या फोर-के नाटकाची मी आता १०८० पी ची एक आणि ४८० पी ची एक अशा दोन प्रती केल्यात, रात्रभर हँडब्रेक चालवून.

अपडेटचं तेवढं सांभाळा. २०१८ च्या डिसेंबरात जेलीफिन एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरपासून फुटून निघालं तेव्हापासूनचा जुना डेटाबेस २०२५ च्या ऑक्टोबरात आलेल्या १०.११ मध्ये नव्या पद्धतीने लिहिला गेलाय, त्यामुळे अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना खूप वेळ लागू शकतो. लटकलंय असं समजून बंद करू नका, लॉग बघत बसा. आधी १०.१० च्या शेवटच्या व्हर्जनवर या, जुने प्लगइन काढा, सर्व्हिस थांबवून डेटा आणि कॉन्फिगची फोल्डरं पूर्ण कॉपी करा, कारण मागे फिरायला ती कॉपी हाच एक रस्ता. आणि सणाच्या आदल्या दिवशी अपडेट करू नका, मी केलंय.

जहाजावरचा भाऊ बंदराला लागला की ४८० पी ची प्रत मोबाईलवर डाउनलोड करून ठेवतो, समुद्रात नेट असून नसल्यासारखं. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला, काकांची एंट्री दिसली, पण दुसऱ्या अंकात आवाज उजव्याच कानात येतो. बघितलं तर मूळ रेकॉर्डिंगच तसं, एक माइक बंद पडलेला. हँडब्रेकमध्ये आवाजाच्या मिक्सडाउनला मोनोचे जे दोन पर्याय असतात, नुसता डावा किंवा नुसता उजवा, त्यातला उजवा निवडून तो अंक परत काढला आणि पुन्हा जोडला.